वाघाला दिलेली वाट

लग्न होऊन या वाडीत आले आणि पहिली बोलणी खाल्ली ती पाण्याच्या वाटेवरून. नदीवर जायला दोन वाटा होत्या. एक माणसांची, वळसे घेत उतरणारी. दुसरी सरळ, करवंदीच्या जाळीतून खाली, झटक्यात पाण्यावर पोचवणारी. मी आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. डोक्यावर हंडा असताना लांबची वाट धरायला मी काय खुळी होते? सरळ वाटेनं गेले आणि सरळ वाटेनं वर आले. ओट्यावर सासरे बसले होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"ठाकराचीच पोर ना गो तू?" ते म्हणाले. "मंग जनावराची वाट कशी मोडलीस?"

मोडली म्हणजे नुसता तिच्यावर पाय ठेवला. जनावर ज्या वाटेनं पाण्याला जातं, त्या वाटेनं माणसानं चालायचं नाही, मग ती कितीही जवळची असो. माणसाचा वास लागला की जनावर ती वाट टाकतं आणि दुसरी धरतं, आणि ती दुसरी कुणाच्या तरी गोठ्यावरून जाते. माझ्या माहेरीही हा नेम होता, पण पातळ झालेला. इथे सासरे वाघोबाचे पुजारी, त्यामुळे नेम कडक. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो. त्या दिवशी मी रागानं जेवले नाही. सासऱ्यांनीच सासूला सांगून माझ्यासाठी सुकटीचं कालवण झाकून ठेवायला लावलं, हेही सांगायला पाहिजे.

आमची वाडी डोंगराच्या पोटाशी आहे, पेण एका अंगाला आणि रोहा दुसऱ्या. खाली भातखाचरं, नदी, शाळा, एस.टी.चा थांबा आणि मसणवट. म्हणजे जगायचं असो की मरायचं, खाली उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. बायका रानभाज्या आणि वालाच्या शेंगा घेऊन रोह्याच्या बाजाराला जातात. माझा नवरा धाटावला कंपनीत कंत्राटी कामाला जातो. मी वाडीतली अंगणवाडी सांभाळते. जनावरंही उन्हाळ्यात त्याच नदीवर उतरतात, कारण शिमगा झाला की डोंगरातलं पाणी आटतं. तर वाडी आणि नदी यांच्या बरोबर मधून नवा रस्ता आला.

रस्ता येण्याआधी एक बाई आली. रस्त्याच्या कंपनीनं तिला नेमलेलं होतं. रस्त्यामुळे माणसांवर आणि जनावरांवर जे परिणाम होतील त्यांचं व्यवस्थापन करायचं, हे तिचं काम. परिणामांचंही व्यवस्थापन असतं हे मला तेव्हा कळलं. बाई वाईट नव्हती. चहा दिला की पूर्ण प्यायची, पोरांशी बोलायची, उन्हात डोंगर चढून आमच्याबरोबर हिंडायची. शाळेच्या पडवीत तिनं सभा घेतली आणि विचारलं, तुम्हाला काय काय पाहिजे?

लोकांनी मागायचं ते मागितलं. कुणी नळ, कुणी दिवे, पोरांना रस्त्यावर काम. मग सासरे उठले. कधी सभेत न बोलणारा माणूस. म्हणाले, "आमचं आमी बघू. जनावरं पाण्याला कुठनं जातील ते सांगा."

बाईचा चेहरा उजळला. असं बोलणारा माणूस तिला कुठल्या गावात भेटला नसावा. तिनं नकाशा पसरला आणि दाखवलं, हा ओहोळ आहे ना, इथे रस्त्याखालून मोठी मोरी बांधू. माणूस उभा चालेल एवढी उंच. कडेला कट्टा ठेवू म्हणजे पावसाळ्यात पाय कोरडे राहतील. जनावरंही जातील आणि तुम्हीही जा.

सासरे हसले. "वाघ नि माणूस एका वाटेनं? येक कायतरी सांगा, बाय. त्येंची का आमची?"

बाईनं बरोबरच्या साहेबाकडे बघितलं. साहेब म्हणाला, या टप्प्यात मोरी एकच बसते, पण पायी माणसांसाठी वरून पूल नंतर करता येईल. "मंग मोरी जनावरांची," सासरे म्हणाले. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्यांचा बाईबरोबर फोटो काढला. त्यात ते नव्या नवरदेवासारखे ताठ उभे आहेत. मी मागे बसले होते आणि माझ्या डोक्यात 'नंतर' हा शब्द खड्यासारखा टोचत होता. सरकारी नंतर आणि कंपनीचं नंतर मी अंगणवाडीत पुरेपूर भोगलेलं आहे.

रस्ता झाला. मोठा, काळाभोर, मधे माणसाच्या छातीएवढी सिमेंटची भिंत. मोरीही झाली, आणि बोलल्याप्रमाणे चांगली झाली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली तेव्हा सासऱ्यांनी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावला, खिरीचा नैवेद्य दाखवला, आणि मग सगळ्या वाडीला घेऊन मोरीच्या तोंडाशी गेले. तिथे नारळ फोडला. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुजी जुनी वाट रस्त्यानं खाल्ली. ही नवी घे. ह्या वाटेवर वाडीतलं मानूस पाय ठेवनार नाय." मग वाडीतल्या प्रत्येक घरातल्या एकेका माणसानं होकार दिला. माझ्या नवऱ्यानं आमच्या घराचा दिला. असा शब्द दिला की तो वाडीचा होतो. पुजाऱ्याच्या मनात आलं म्हणून तो परत घेता येत नाही.

वरचा पूल आला नाही. मी पेणला रस्त्याच्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तर प्रस्ताव वर गेलाय म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तेव्हाही तो वरच होता. प्रस्तावाला पूल मिळाला असावा, आम्हाला मिळाला नाही.

मग आम्ही रस्ता वरूनच ओलांडू लागलो. ते कसं चालायचं ते सांगते. गाड्यांमध्ये जरा खंड पडला की बायका भाऱ्यांसकट पळत भिंतीपर्यंत जायच्या. एकीनं वर चढायचं, बाकीच्यांनी भारे तिच्या हातात द्यायचे, पलीकडे उतरलेलीनं ते घ्यायचे, मग एकेक करून सगळ्यांनी भिंत ओलांडायची. हे होईस्तोवर दोन्ही बाजूंनी गाड्या अंगाला वारा लावून जायच्या. म्हाताऱ्या माणसांनी खाली उतरणंच सोडलं. एका बाईचा पाय मोडला. शाळेची पोरं तर शर्यत लावायची, आणि त्यातली दोन माझी होती.

आणि खाली मोरी रिकामी, गार, कोरडी. कुत्रंसुद्धा जायचं नाही.

रिकामी म्हणते, पण ती माणसांपुरती. वनखात्याच्या एका माणसानं मोरीत आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बसवला होता. तो अधूनमधून यायचा आणि आमच्या ओट्यावर बसून मोबाइलवर फोटो दाखवायचा. भेकर, रानडुकरांची अख्खी पंगत, साळिंदर. एकदा बिबट्याची मादी आणि मागे तिचं पिल्लू. सासऱ्यांनी तो फोटो परत परत बघितला. "पोरगं कसं आयेच्या शेपटीला चिकटून चाललंय बघ," म्हणाले, आणि सासूला हाक मारून तिलाही दाखवला. वनखात्याचा माणूस म्हणाला, दुसरीकडे मोऱ्या बांधल्या पण जनावरं फिरकत नाहीत. तुमची मोरी बघायला लांबून लोक येतात. बाईनंही तो बिबट्याचा फोटो मोठा करून ऑफिसात लावला. मोरी का चालते याची तिथे बरीच चर्चा झाली म्हणे. उंची, उतार, झाडोरा. आम्ही वर जीव मुठीत धरून पळतो म्हणून ती चालते, हे कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

सासऱ्यांशी मी भांडले. एकदा नव्हे, येताजाता. म्हटलं, बाबा, जनावरं अंधाराची जातात, आपण दिवसाची जाऊ. कुणाला कळणार आहे?

"वास ऱ्हातो गो," ते म्हणाले. "आनि शब्द दिलाय."

"तुमच्या शब्दाला ट्रक थांबतो का?"

मला वाटलं, लागलं त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्याच्या कडेला उभे. माझ्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधलेला. शाळेची आणि बाजाराची वेळ झाली की ते काठी आडवी धरून रस्त्यावर उतरायचे, गाड्या थांबवायचे, पोरं आणि बायका पलीकडे घालवायचे. काही गाड्या थांबायच्या, काही शिव्या देऊन बाजूनं निघायच्या. घरी आले की मला म्हणायचे, "थांबतोय बग तुजा ट्रक." मला हसू यायचं आणि रागही यायचा. त्यांना कमी दिसतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवरा म्हणाला, "बाबा, आता पुरे," सासू म्हणाली पुरे, पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते. जनावरांना वाट आपण दिली, तर माणसांना ओलांडून देणंही आपल्यावरच, असा त्यांचा हिशेब. मी देवाला एवढंच म्हणायचे की पूल तरी लवकर होऊ दे, नाहीतर या माणसाला अंथरुणाला खिळव. असलं मागणं मागायची वेळ आली होती.

वालाचे दिवस होते. सकाळचं धुकं. बायका शेंगांचे भारे घेऊन निघाल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना भिंतीपर्यंत नेलं, पलीकडे उतरवलं, पलीकडच्या गाड्या थांबवून खाली घालवलं. मग ते एकटे परत फिरले. भिंत चढून अलीकडे उतरले आणि धुक्यातून टेम्पो आला. मी अंगणवाडीत खिचडीची डाळ धूत होते. बायकांची ओरड वाडीपर्यंत आली तेव्हाच मला कळलं. रस्त्यावर पोचले तर ते भिंतीच्या कडेला निजवलेले होते आणि सासू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. गाड्या बाजूच्या पट्ट्यातून हळूहळू जात होत्या, काचा खाली करून बघत होत्या.

रोह्याच्या सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना वाडीवर आणलं. आंघोळ घातली, तिरडी बांधली. आणि मग सगळ्यांच्या मनात जे होतं ते समोर आलं. मसणवट खाली नदीकाठी. मधे रस्ता.

आमच्यात बायका मसणवटीत जात नाहीत. पण त्या दिवशी आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि खंड बघून धावले. तिरडी घेऊन धावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपाशी ती उचलून पलीकडे द्यायची होती. चौघे अलीकडे, दोघे भिंत चढून पलीकडे उतरलेले. तिरडी भिंतीवर आडवी झाली, एक बाजू खाली गेली आणि सासरे एका अंगाला घसरले. माझ्या नवऱ्यानं छातीनं त्यांना अडवलं. त्याच क्षणी पलीकडून एक ट्रक भोंगा दाबून गेला आणि तिकडचे दोघे भिंतीला चिकटले म्हणून वाचले. अलीकडे एका गाडीवाल्यानं मोबाइल बाहेर काढून धरला होता.

"माघारी आना," सासू ओरडली. "आना माघारी त्यांना!"

तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पुरुषांनी तिरडी परत आणली. ती कुणाशी न बोलता ओहोळाकडे उतरू लागली. आम्ही मागे. मोरीच्या तोंडाशी जाऊन ती उभी राहिली. वाडीतला एक जाणता पुढे झाला आणि म्हणाला, वैनी, हे करू नको, वाडीचा शब्द हाय. माझा नवरा म्हणाला, "आये, बाबांनीच दिलेला शब्द हाय. त्यांनाच त्याच्यावरनं न्यायचं?"

"ज्यानं शब्द दिला तो तुमच्या खांद्यावर हाय," सासू म्हणाली. "शब्द पन त्याच्याबरोबर पुरा." मग तिनं मोरीकडे तोंड केलं. आत बघून, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, तुला दिलेली वाट आमी माघारी घेतो. माजं मानूस गेलं. तुजं तू बघ."

कुणी होकार दिला नाही आणि कुणी नाही म्हटलं नाही. तिरडी आत गेली. मी तोंडाशीच थांबले. तिथल्या ओल्या गाळात वाघिणीची ताजी पावलं उमटलेली होती, बाजूला लहान पावलं. ती पुरुषांच्या पायांखाली एकेक करून पुसली गेली. नवऱ्यानं खाली बघितलं नाही. मला दिसलं की तो मुद्दाम समोर बघत होता.

त्यानंतर वाडी मोरीतून जाऊ लागली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पोरं शाळेत पोचायची, बायका भारे न उतरवता सरळ चालत जायच्या, घरात बसलेल्या म्हाताऱ्या पुन्हा बाजाराला येऊ लागल्या. मागोमाग कुत्री आली. मोटारसायकली आल्या. मोरीच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं बदाम काढले. वनखात्याचा माणूस आला तेव्हा त्यानं मोबाइल बाहेर काढला नाही. मी मागितला तेव्हा दाखवला. आधी पुरुषांचे पाय आणि मधे तिरडीचा बांबू. मग आमचीच माणसं, आमचीच पोरं, कॅमेऱ्याला वाकुल्या दाखवणारी. पुढे पुढे गेलं तरी दुसरं काही नव्हतं. तो मला काही बोलला नाही, आणि त्यानं बोलायला पाहिजे होतं असंही मी म्हणणार नाही. त्याला सासऱ्यांचं माहीत होतं.

चैत्रात, पाणी आटल्यावर, ती वाघीण मेली. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं की रस्त्यावर वाघ पडलाय. आम्ही गेलो. मादीच होती, अंगानं मोठी, तोंडाशी रक्त सुकलेलं. पिल्लाचा पत्ता नव्हता. वनखात्याची गाडी आली, दोरी लावून जागा घेरली. मग कंपनीची बाई आली. तिनं आम्हाला ओळखलं, सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं म्हणाली, आणि खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. मग तिनं विचारलं, अचानक जनावरांचा मोरीचा वापर का थांबला असेल? तुमचं काय निरीक्षण आहे?

मला बोलायचं होतं. जिभेवर पुष्कळ होतं, पूल, प्रस्ताव, नंतर, सगळं. पण त्याआधी सासू दोरीखालून आत गेली. कुणी अडवलं नाही. काठी टेकत ती त्या जनावराजवळ बसली.

"हिला म्हाईत होतं," ती मला म्हणाली. बाईकडे तिनं बघितलंही नाही. "वाट आपुन माघारी घेतली ना. आता ती मानसांची. हिनं नाय मोडली गो. वरनं गेली."

मी तिला हाताला धरून उठवलं. बाई अजून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मी सांगितलं की आमचं काही निरीक्षण नाही. अंगणवाडीची वेळ झाली होती आणि माझी पोरं शाळेला निघायची होती. त्यांना घेऊन मी मोरीतून खाली गेले, कारण तेवढी एकच वाट आम्हाला उरली होती.